सार्वजनिक आरोग्य विभागात शिकवायला नेमायचं कोणाला?

तांबडीमाती
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. दंतवैद्यकाची पदवी, मग तिरुवनंतपुरमला एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), आणि आता एका आरोग्य प्रकल्पात सर्वेक्षण आणि नोंदींचं काम. शिकवायचं मनात पहिल्यापासून आहे. त्यामुळे कुठल्याही विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची शिक्षकभरतीची जाहिरात दिसली की मी ती शेवटच्या टीपेपर्यंत वाचते.

वाचून वाचून माझं एक मत झालंय. निम्मी निवड अर्हतेच्या ओळीतच उरकलेली असते. एखादं विद्यापीठ लिहितं, 'एमडी कम्युनिटी मेडिसिन आवश्यक'. झालं, नर्सिंग, सांख्यिकी, समाजशास्त्र, पशुवैद्यक यांतून आलेले सगळे बाहेर. दुसरं लिहितं, 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी', पण संबंधित म्हणजे कोणता ते सांगत नाही. मग छाननीला बसलेली माणसं आपल्या मनाने ठरवतात. गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठात माझा अर्ज असाच अडकला. मूळ पदवी दंतवैद्यकाची म्हणून 'विषय असंबद्ध' असा शेरा, एमपीएचच्या कागदापर्यंत कुणी पोचलंच नाही.

समजा उद्या गोव्यात विद्यापीठ पातळीवर असा स्वतंत्र विभाग उभा करायचं ठरलं आणि शिक्षकांच्या सहा जागा मिळाल्या. तुम्ही कुणाकुणाला घ्याल? डॉक्टर असणं सक्तीचं कराल का? माझ्या मते करू नये. पण आपल्याकडे आरोग्य म्हटलं की स्टेथोस्कोप, हे इतकं घट्ट बसलंय की उलट बाजूही ऐकायची आहे.

निवृत्त_पीएसएम
बाय, तुझा राग रास्त आहे, पण मी उलट बाजूचाच माणूस. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर पीएसएम, म्हणजे तेच कम्युनिटी मेडिसिन, शिकवलं. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) पीएसएम विभागाला मांदूरचं ग्रामीण आणि सांताक्रूझचं शहरी आरोग्य केंद्र जोडलेलं आहे, ते उगाच नाही. ओपीडीत तापाचे रुग्ण एका वाड्यावरून सारखे यायला लागले की ज्याला आधी वास येतो तो साथरोगशास्त्र शिकवू शकतो. हा वास रुग्ण तपासल्याशिवाय येत नाही. माझं मत, सहापैकी तीन जागा एमडी आणि विभागप्रमुख एमडीच.

आकडेमोड
सर, आदर ठेवून असहमत. मी संख्याशास्त्रातली, एका एमपीएच अभ्यासक्रमात तासिका तत्त्वावर जीवसांख्यिकी शिकवते. माझ्या वर्गात अर्धे डॉक्टर असतात. रुग्णाच्या बाबतीत हुशार, पण 'शंभरांत किती' यातले शंभर कोण, हे विचारलं की गप्प.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या देशव्यापी अभ्यासात, जो 2023 मध्ये छापून आला, मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. आपल्याकडच्या सगळ्यांनी तो आकडा फिरवला. तो 20 वर्षांवरच्या लोकांचा आहे, घरोघरी नमुना निवडून रक्त तपासून काढलेला आहे, दवाखान्यात आलेल्यांचा नाही, हे किती जणांनी बघितलं? मी तो निकाल वर्गात फळ्यावर लिहिते आणि विचारते, तुमच्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरातला आकडा याच्याशी का जुळत नाही? त्यावर अख्खा तास जातो. हे शिकवायला एमडी लागत नाही. नमुना निवड कळणारा माणूस लागतो, आणि तो तुमच्या यादीत बहुतेक वेळा 'अतिथी' असतो, तासाला 1,500 रुपयांवर.

कुळागर
1,500 तरी मिळतात का वेळेवर?

आकडेमोड
@कुळागर, सत्र संपल्यावर मिळतात. पण तो धागा वेगळा काढावा लागेल.

नियमावली
भावना बाजूला ठेवून नियम सांगतो, कारण अर्धे वाद तिथेच मिटतात.

युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे विनियम बघा. सहायक प्राध्यापकासाठी संबंधित, निगडित किंवा संलग्न विषयात 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. ठरावीक अटींवर पीएचडी असेल तर नेट माफ. विद्यापीठ विभागांत पीएचडी सक्तीची होणार होती, ती आधी पुढे ढकलली आणि जुलै 2023 मध्ये सक्ती काढूनच टाकली. नेटमध्ये 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' असा विषय आहे. एमपीएच झालेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, ती दोन-दोन वर्षं समाजकार्याच्या पेपरची तयारी करत बसतात.

आता छाननी. विद्यापीठाच्या पदासाठी गुणतक्ता असतो: पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, नेट, शोधनिबंध, अनुभव. अनुभवाला वर्षाला 2 गुण, कमाल 10, आणि तो अध्यापनाचा किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा. आरोग्य केंद्रातली वीस वर्षं या रकान्यात बसत नाहीत. पण हा तक्ता फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता. सहायक प्राध्यापकाची निवड पूर्णपणे मुलाखतीवर. समितीत कुलगुरू, कुलपतींनी नेमलेला एक प्राध्यापक दर्जाचा माणूस, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. गणपूर्तीला चार जण, त्यांतले दोन बाहेरचे तज्ज्ञ हवेतच.

ताईंचा मुद्दा म्हणूनच बरोबर. 'संलग्न विषय' हे शब्द नियमातच आहेत, ते मोकळे सोडायचे की यादी द्यायची हे विद्यापीठाच्या हातात आहे. यादी द्यावी.

सह्याद्रीपायथा
मी शिकलेला कमी, आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होतो, आता निवृत्त. पण या विषयावर चार शब्द बोलतोच.

2015 ला सत्तरीत पाली गावात माकडतापाचे, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या तापाचे, रुग्ण निघाले. हा रोग 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला. आमच्याकडे काजूचा हंगाम आणि हा ताप एकत्र येतो, माणसं बोंडू गोळा करायला पाचोळ्यात वाकलेली असतात. तेव्हा बाहेरून संशोधक आले होते. त्यांतली एक मुलगी पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत चालायची. थोडं चालली की थांबून कापड उलटं करायची आणि चिमट्याने गोचिडी उचलून बाटलीत टाकायची. तिळाच्या दाण्याहून बारीक, काही तर डोळ्यांना दिसायच्याही नाहीत. मोजे पँटवर चढवलेले, अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल. गावातली पोरं मागोमाग. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी घरची जुनी चादर फाडून तसंच केलं आणि शेणाच्या ढिगापासून काजूच्या भाटापर्यंत (बागेपर्यंत) कुठे गोचिडी जास्त ते तिला दाखवलं. ती मुलगी डॉक्टर नव्हती, प्राणिशास्त्रातली होती.

आमच्या केंद्रात डॉक्टर होते, चांगले होते, दिवसरात्र राबले. पण गोचीड कुठे बसते हे त्या मुलीमुळे कळलं. तुमच्या सहा जागांत एक अशी असू द्या.

तांबडीमाती
@सह्याद्रीपायथा काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शिमोगा, पाली, काजूचा हंगाम, गोचीड, लस, तेल, पंचायत, मजुरी बुडणं... एका रोगावर अख्खं सत्र शिकवता येईल. आणि तो शिकवायला चार वेगवेगळ्या विषयांची माणसं लागतील.

निवृत्त_पीएसएम
कीटकशास्त्राला माझा विरोध कधीच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी, कांदोळी भागात बांधकामांबरोबर मलेरिया आला, तेव्हा स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेल्या पाण्यात ॲनाफिलिस स्टीफेन्साय या मलेरियाच्या डासाच्या अळ्या दाखवणारे कीटकशास्त्रज्ञच होते. मजुरांची हेल्थ कार्डं त्यातूनच आली. माझा आग्रह प्रमुखपदापुरता आहे. आरोग्य खात्याच्या संचालकांशी, रुग्णालयाच्या अधीक्षकांशी बोलताना समोरचा डॉक्टर नसेल तर फाइल हलत नाही.

आकडेमोड
सर, फाइल हलत नाही ही खात्याची अडचण झाली. विभागाने तिच्यासाठी अर्हता का बदलायची?

मळेकार
थोडं विषयांतर, पण गोव्याचं नाव निघालंच आहे म्हणून.

आपल्याकडे 1842 मध्ये एस्कोला मेडिको-सिरुर्जिका सुरू झाली, आशियातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, पणजी अधिकृत राजधानी झाली. जुनं गोवें साथींनी ओस पडलं होतं, म्हणजे आपली राजधानीच मुळी सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने हलली. त्याच शाळेतले फ्रोइलानो द मेलो हे परजीवीशास्त्राचे प्राध्यापक, शाळेचे संचालक, आणि पणजीचे महापौरसुद्धा. मलेरियाविरुद्धचं काम त्यांनी वर्ग, प्रयोगशाळा आणि पालिका अशा तिन्ही ठिकाणांहून केलं. असा माणूस आज कुठल्या गुणतक्त्यात बसवाल?

नियमावली
@मळेकार, ते स्वतः प्राध्यापक, म्हणून त्यांना नाही, पण वर्गाबाहेर काम केलेल्या माणसाला बसवता येतं. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' बघा, युजीसीने 2022 मध्ये आणलेलं. 15 वर्षांचा कामाचा अनुभव, पीएचडी किंवा शोधनिबंधांची सक्ती नाही. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत, मुदत तीन वर्षं, अपवादाने आणखी एक. सहा जागांच्या विभागात हिशेब जुळत नाही असं वाटेल, पण टक्केवारी पूर्ण संस्थेच्या पदांवर मोजतात.

दोडामार्ग_टू_बांबोळी
माझा प्रश्न वेगळा आहे. गोवा सरकारच्या नोकरीच्या जाहिरातीत 15 वर्षांचा रहिवास आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं इष्ट. मी सिंधुदुर्गातला. आमच्या दोडामार्गातही 2016 ला माकडताप आला. आमचे रुग्ण बांबोळीला गोमेकॉत येतात, आमची मुलं म्हापशात शिकतात. रोगाला सीमा नाही आणि शिक्षकाला आहे. एमपीएच झालेली माणसं गोव्यात मुळात मूठभर. त्यात ही चाळणी लावली तर जागा रिकाम्या राहतील आणि पुन्हा कंत्राटावर भरतील.

कुळागर
दादा, तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच. पण कोंकणीची अट काढू नका. आमच्या आईने घरी आलेल्या सर्वेक्षणवाल्याला दार उघडलं नव्हतं, तो इंग्रजीतून 'हाउसहोल्ड' विचारत होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, 'मावशे, जेवणां जालीं?' म्हणाली आणि तासभर बसली. सगळी माहिती घेऊन गेली, वर सोलकढी पिऊन.

दोडामार्ग_टू_बांबोळी
@कुळागर, आमची मालवणी चालेल की! आणि सोलकढी आमच्याकडे पण असते, ती चाचणी मी पहिल्या झटक्यात पास.

तांबडीमाती
भाषेबद्दल माझं मत: अट राहू दे, पण रुजू झाल्यावर दोन वर्षांत शिकण्याची मुभा द्या. आणि रहिवासाची अट निदान वरिष्ठ पदांना शिथिल करा. सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव आणि सात शोधनिबंध मागता, वर 15 वर्षांचा गोव्यातला रहिवास. ज्या राज्यात हा विभागच नव्हता तिथे हा विषय शिकवण्याचा आठ वर्षांचा अनुभव कुणाकडे असणार? तो बाहेर जाऊन आलेल्यांकडेच असणार.

लंडनहून_म्हापसेकार
बाहेर गेलेल्यांपैकी मी एक. इथे साथरोगशास्त्रात काम करते. परत यायची तयारी आहे, पगाराचा आकडा माहीत आहे (वेतनाची लेव्हल 10, मूळ पगार 57,700) आणि तो मान्य आहे. मान्य नाही ती अनिश्चितता. भारतातल्या एका संस्थेत अर्ज केला होता. सगळ्या कागदांच्या स्वसाक्षांकित प्रती पोस्टाने पाठवल्या. मग काहीच नाही. बऱ्याच महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं, तारीख पुढच्याच आठवड्याची, ऑनलाइनची सोय नाही. शेवटी जाहिरातच रद्द झाल्याचं संकेतस्थळावर दिसलं, कारण दिलेलं नव्हतं. मुलं, नवरा, घर यांची घडी अशी कशाच्या भरवशावर मोडायची? जाहिरातीतच छाननीची आणि मुलाखतीची तारीख छापा. माणसं येतील.

निवृत्त_पीएसएम
पगाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. एम्समध्ये सहायक प्राध्यापक लेव्हल 12 ला, मूळ 1,01,500, आणि डॉक्टर असेल तर वर व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा. विद्यापीठाच्या कला-विज्ञान विभागात 57,700 आणि भत्ता नाही. एमडी झालेला मुलगा तिकडे का येईल? तीन जागा एमडीला ठेवा म्हटलं, पण त्या भरणं सोपं नाही हे मलाही दिसतं.

आकडेमोड
सर, मग आपण एकाच ठिकाणी आलो! एमडी सक्तीचं केलं तर जागा रिकामी राहते, आणि तीच जागा एमपीएच-पीएचडीवाला भरू शकला असता.

निवृत्त_पीएसएम
एका ठिकाणी नाही आलो, जवळ आलो. मार्ग आहे, संयुक्त नेमणूक. मेडिकल कॉलेजातला पीएसएमचा प्राध्यापक आठवड्यातून दोन दिवस विद्यापीठात, बदल्यात विद्यापीठातला जीवसांख्यिकीचा माणूस मेडिकल कॉलेजच्या पदव्युत्तर मुलांना शिकवेल. ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज यांत अंतर ते किती? पगार ज्याचा त्याने द्यायचा. लेखी करार मात्र हवा. तोंडी ठरलेलं अधिष्ठाता बदलला की संपतं.

पशुधन
पशुवैद्यांना कुणी विचारतंय का? गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. कुत्र्यांना जाळ्यात धरून लस टोचत गल्लोगल्ली फिरून ते झालं. माणसांचा मृत्यू टळला तो कुत्र्याच्या लसीने. आणि माकडतापात आधी मरतं ते माकड, त्याची खबर पोचवायची व्यवस्था आमच्या आणि वन खात्याच्या लोकांकडे असते. सहापैकी अर्धी जागा तरी द्या!

कुळागर
अर्धी जागा कशी देतात? सकाळी माणूस, दुपारी म्हैस?

पशुधन
@कुळागर, रेबीजमध्ये तेच करावं लागतं :)

मांडवीकाठ
मानसिक आरोग्य सुटलं यादीतून. पर्वरीच्या संगात या संस्थेचा मानस अभ्यास गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत झाला, 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना समुपदेशन करणाऱ्या स्थानिक बायका होत्या, मानसिक आरोग्याची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. जगभरच्या वर्गांत हा अभ्यास शिकवतात. त्या बायकांना प्रशिक्षण देणारी, त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी माणसं आपल्या राज्यात घडली. त्यांतल्या कुणाला तरी वर्गात उभं करा.

तांबडीमाती
सगळे प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या सहा जागा आता अशा:

साथरोगशास्त्राला दोन, त्यांतली एक एमडी किंवा एमपीएच-पीएचडी, दोघांनाही खुली. जीवसांख्यिकीला एक, पूर्णवेळ, अतिथी नाही. पर्यावरण आणि प्राणिजन्य रोगांना एक, तिथे प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, पर्यावरणशास्त्र सगळे चालतील. खाणपट्ट्यातली धूळ आणि पाणी हा डिचोली-सांगेचा विषयही तिथेच. आरोग्य धोरण आणि व्यवस्थापनाला एक. सामाजिक आणि मानसिक आरोग्याला एक. शिवाय एक प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, आणि पीएसएम सरांनी सांगितलेला लेखी करार.

प्रमुखपदाबाबत मी सरांशी अजून सहमत नाही. सेवाज्येष्ठतेने किंवा आळीपाळीने जे येतील ते, पदवी कुठलीही असो.

आणि मुलाखत. वीस मिनिटांत 'साथीच्या तपासाच्या पायऱ्या सांगा' विचारून शिक्षक कळत नाही. वर्गात तास घ्यायला लावण्याची मुभा विनियमांत आहे. उमेदवाराला आदल्या दिवशी एखाद्या आरोग्य केंद्राचं तापाचं रजिस्टर द्या, नावं झाकून. दुसऱ्या दिवशी त्यावर विद्यार्थ्यांसमोर अर्धा तास शिकवू दे. समितीने मागच्या बाकावर बसावं. ज्याला खरंच येतं तो रजिस्टरातल्या कोऱ्या रकान्यांपासून सुरुवात करेल, 'पत्ता' रकान्यात नुसतं 'वाडा' लिहिलंय तिथे थांबेल आणि मुलांना विचारेल, आता हे घर शोधायचं कसं?

निवृत्त_पीएसएम
रजिस्टरची कल्पना मान्य. पूर्णपणे. मी समितीवर असतो तर हेच केलं असतं. प्रमुखपदावर मात्र भांडण चालू ठेवू.

सह्याद्रीपायथा
ते 'वाडा' आम्हीच लिहायचो. ओपीडीत गर्दी असायची आणि आम्हाला घर माहीत असायचं. पण बदली झाली की नव्या माणसाला काही सुधरायचं नाही, हे खरं. बाय, तुझ्या वर्गात हे सांगायला बोलावलंस तर येईन.

नियमावली
@तांबडीमाती, एक दुरुस्ती. रोस्टर, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला याची यादी, विसरू नका. सहा जागांना विषयवार तोडलं की आरक्षणाची बिंदुनामावली कशी लागणार हे जाहिरातीआधी मंजूर करून घ्यावं लागतं, नाहीतर कोर्टात अडकते. आणि रजिस्टरवरच्या तासाचे निकष आधी लेखी ठरवून उमेदवारांना कळवा, नाहीतर निवड न झालेला त्यावरच बोट ठेवेल.

तांबडीमाती
धन्यवाद, दोन्ही मुद्दे घेते. यावर दोन पानी टिपण करायला घेतलंय, संलग्न विषयांच्या यादीसकट. तपासून द्यायला कुणाला वेळ आहे? संख्याशास्त्राचा भाग आकडेमोडताई, तुम्हालाच पाठवते.

आकडेमोड
पाठवा. रविवारपर्यंत परत देते. त्यात 'जीवसांख्यिकी: प्राधान्याने' असं लिहू नका, 'आवश्यक' लिहा.

लंडनहून_म्हापसेकार
आणि तारखा!